तिडके फिटरच्या रंगीत रेकॉर्डी

आमच्या कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनाही कधी परदेशातून पार्सल आलं नाही, पण उत्तम तिडक्यांना यायचं. वर्षातून दोनदा, कधी तीनदा. चौकोनी, सपाट, जाड पुठ्ठ्याचं, वर जर्मनीची तिकिटं. पोस्टमन ते माझ्या टेलिफोन एक्स्चेंजच्या खिडकीवर आणून ठेवायचा, कारण तिडके टर्बाइन हाउसमध्ये असायचे आणि तिथल्या आवाजात त्यांना हाक मारणं म्हणजे घसा फाडून घेणं. मी टर्बाइन हाउसला फोन लावायची आणि घंटी दहा-बारा वेळा वाजू द्यायची. कुणीतरी उचललं की एवढंच सांगायची, "तिडकेमामांना म्हणावं, आलंय."

पाच मिनिटांत मामा हजर. उंच, वाळलेले, कानांत कापसाचे बोळे, खाकी शर्टाच्या खिशात स्टीलची पट्टी. पार्सलला लगेच हात लावायचे नाहीत. आधी बाहेरच्या नळावर सोड्याने कोपरापर्यंत हात धुवायचे, ऑइलचा वास जातोय का ते हुंगून बघायचे, मग पुन्हा धुवायचे. आणि मग एखाद्या बाळंतिणीच्या खोलीत यावं तसे पाय न वाजवता आत यायचे.

पुठ्ठ्यातून निघायची ती रेकॉर्ड. पण आपल्या बापजाद्यांच्या वेळची काळी नव्हे. एक लाल, कुंकवासारखी. एक हिरवी, तिच्यातून खिडकीचे गज दिसायचे. एक दुधासारखी पांढरी आणि तिच्यावर कुणीतरी रंगपंचमी खेळल्यासारखे शिंतोडे. मामा ती दोन तळव्यांत कडेने धरून उजेडाकडे करायचे आणि म्हणायचे, "बघा ताई. हाय का असा रंग आपल्या कापड बाजारात?"

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या फिटरकडे जर्मनीतल्या हार्डकोअर पंकच्या, म्हणजे झपाट्याने ओरडून म्हटलेल्या गाण्यांच्या, रंगीत रेकॉर्डी कशा, हे मला आजवर कितीतरी जणांनी विचारलं आहे. मी प्रत्येकाला बेअरिंगची गोष्ट सांगते.

मामा पाटोद्याकडच्या डोंगरपट्ट्यातले. आईवडील ऊस तोडायला जायचे, त्यामुळे त्यांची शाळा अर्धी गावात आणि अर्धी फडावर झाली. आयटीआय करून ते कारखान्यात लागले. जुन्या टर्बाइनवर त्यांची बारा वर्षं झाल्यावर नवीन टर्बाइन आलं आणि ते बसवायला रोल्फ नावाचे एक जर्मन इंजिनिअर आले. टर्बाइन बसलं, फिरलं, सगळे काटे जिथल्या तिथे. मामा मात्र मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे. त्याचं टोक यंत्राच्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "दोन नंबरची बेअरिंग रडतीय."

चीफ इंजिनिअर भडकले. साहेबांच्या देखत काय बोलतो हा! पण रोल्फना कुणीतरी खुणेने समजावलं. त्यांनी मामांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतः कान लावला, बराच वेळ लावला, आणि मशीन बंद करायला सांगितलं. बेअरिंग उघडली तर आत नखभर ओरखडा. आणखी आठ दिवस चालली असती तर टर्बाइन गेलं असतं. रोल्फनी सगळ्यांच्या समोर मामांना सलाम ठोकला. मामांना कुणी यावर बोलतं केलं तर त्यांचं एकच वाक्य असायचं, "आवाज खोटं बोलत न्हाई. काटा बोलंल."

रोल्फ तीन महिने गेस्ट हाउसवर होते. त्यांच्याकडे पेटीसारखा एक रेकॉर्ड प्लेअर होता आणि धाकट्या भावाच्या बँडची एक रेकॉर्ड होती, पिवळी, उसाच्या रसाच्या रंगाची. एका रविवारी त्यांनी ती मामांना ऐकवली. मामा सांगायचे, "मी काय सांगू ताई, बारा वर्सं टर्बाइनपाशी काढल्यावर भावगीत लावलं तर मला डास फिरल्यावानी वाटायचं. हे लावलं अन् पहिल्यांदा गाणं आत गेलं." जाताना रोल्फ प्लेअर आणि रेकॉर्ड दोन्ही मामांना देऊन गेले. पुढे तो धाकटा भाऊ, मार्टिन, पत्रं आणि पार्सलं पाठवू लागला. तो मामांना कधीच भेटला नव्हता. मामाही त्याला नाही.

त्या रेकॉर्डींवरची नावं मामांना वाचता येत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली होती. भगवी ती करडईचं फूल. जांभळी ती जांभूळ. निळ्यात काळे पट्टे होते ती डिझेल इंजिन. "आज जांभूळ लावू का करडई?" असं ते घरात विचारायचे आणि त्यांच्या बायको कौसाबाई चुलीपुढून म्हणायच्या, "कोनतं बी लावा, भांडी पडल्यावानीच वाजतंय." मामा हसायचे. त्यांनी वर्कशॉपमधल्या टाकाऊ सामानातून स्वतः अँप्लिफायर बनवला होता आणि आंब्याच्या फळ्यांचे दोन स्पीकर. रेकॉर्ड लावली की ते स्पीकरच्या फळीवर तळवा ठेवून डोळे मिटून बसत. गाणं एक मिनिटाचं, फार तर दीड. संपलं की म्हणत, "बघा. जे सांगायचं ते सांगून मोकळे. आपल्याकडं सत्कारालाच दोन तास."

मार्टिनच्या पत्रातलं इंग्रजी माझ्या इंग्रजीइतकंच कच्चं होतं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, म्हणून वाचायचं आणि उत्तर लिहायचं काम माझ्याकडे. एका पत्रात त्याने या गाण्यांना काय म्हणतात ते लिहिलं होतं. कॉलनीतल्या शाळेचे संस्कृतचे गुरुजी फोन करायला आले होते, ते ऐकून म्हणाले, "पंक म्हणजे चिखल. त्यावरूनच पंकज." आम्ही हसलो, पण मामांना ते पटलं. "बरोबर हाय की गुरुजी. पाय रुतल्यावर मानूस असाच वरडतो."

पण मामांना सगळ्यात आवडलं ते दुसरंच पत्र. त्यांनी विचारायला लावलं होतं की ही रेकॉर्ड कोणती कंपनी काढते. मार्टिनने लिहिलं, कंपनी नाही. बाराजण मित्र आहेत, सगळे मिळून वर्गणी काढतो. पहिल्या थोड्या रेकॉर्डी रंगीत काढतो, आपल्या माणसांसाठी, नंतरच्या काळ्या. कव्हरं माझ्या आईच्या स्वयंपाकघरात बसून आम्हीच दुमडतो. दुसऱ्या गावच्या बँडला आमची रेकॉर्ड देतो आणि त्यांची घेतो.

मी वाचत होते आणि मामा मान पुढे काढून ऐकत होते.

"चेअरमन कोन हाय त्यांचा?"

"तसं कुणी नाही म्हणतो."

"संचालक मंडळ?"

"तेही नाही."

"मंग ठरवतं कोन?"

"सगळे बसून ठरवतात, असं लिहिलंय."

 मामा कानातला बोळा काढून म्हणाले, "ताई, ही तर सोसायटी झाली! सहकार सहकार म्हणून आपन इथं बोर्ड रंगवलेत, अन् करतेत ते."

तेव्हापासून ते त्या गाण्यांना सहकारी गाणी म्हणू लागले. एका दसऱ्याला बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या वेळी भाड्याने आणलेल्या लाउडस्पीकरचा टेप अडकला. पाहुणे आले, चेअरमनसाहेब हार घालून उभे, आणि सगळीकडे शांतता. कुणीतरी घाईत मामांना म्हणालं, काहीतरी लाव रे. मामांनी आपला प्लेअर जोडून करडईचं फूल लावलं. पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या हातातली पळी थांबली. त्याच दिवशी ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या होत्या. गाड्यांपाशी बसलेले ऊसतोडे उठले, एकाने शिट्टी मारली आणि बघता बघता पंधरा-वीसजण धूळ उडवत नाचायला लागले. गाणं संपलंसुद्धा. चेअरमनसाहेब म्हणाले, "कोन्तं गानं रे हे?"

"साहेब, जर्मनीचं सहकारी गानं हाय," मामा म्हणाले. चेहरा इतका सरळ, की साहेबांना हसावं का रागवावं कळेना.

मग दुष्काळाची ती सलग दोन वर्षं आली. पहिल्या वर्षी माजलगावच्या धरणाने तळ दाखवला, दुसऱ्या वर्षी दाखवायला तळही ओला राहिला नाही. उभा ऊस चाऱ्याला गेला, गाळप झालंच नाही. ज्या टर्बाइनच्या आवाजाने आमच्या कपाटातल्या बश्या थरथरायच्या ते गप्प बसलं आणि कॉलनीत माणसं उगाच हळू आवाजात बोलू लागली. उन्हाळ्यात उष्णतेने वाकू नयेत म्हणून मामांच्या रेकॉर्डी माझ्या एक्स्चेंजच्या खोलीत असत, कारण कूलर तिथेच होता. त्या वर्षी कूलरला ओतायला पाणी कुठलं? मी तो बंद केला.  मामांनी रेकॉर्डींची पेटी उचलली आणि बंद टर्बाइनखालच्या तळघरात नेऊन ठेवली. तरी जांभूळ वाकलीच. दोन जाड काचांच्या मध्ये तिला दाबून मामा दोन दिवस तिच्यापाशी बसले. सरळ झाली, पण एका जागी सुई उडायची ती उडायचीच.

कारखान्याचं एक साठवण तळं होतं. आसपासच्या वस्त्यांवर चार दिवसांनी टँकर येत होता, आणि तळ्यात अजून पुरुषभर पाणी होतं. कारखाना बंद, मग ते कशासाठी? तर पुढच्या हंगामासाठी राखीव, असं सांगत. पण तळ्यावरची एक मोटर रोज दुपारी चालू असते, हे मामांनी टर्बाइन हाउसच्या शांततेत बसून ऐकलं होतं. एके दिवशी ते पाइपच्या कडेने चालत गेले. पाइप संचालकांपैकी एकाच्या मोसंबीच्या बागेत निघाला.  मामा मला म्हणाले, "तळं बी आता गळायलंय ताई."

त्या वर्षीची वार्षिक सर्वसाधारण सभा साखरेच्या रिकाम्या गोदामात होती. गोदाम लांबलचक, मागच्यांना ऐकू जाणार नाही, म्हणून मामांनाच त्यांचे स्पीकर मागे लावायला सांगितलं होतं. मामांनी ते लावले. वीज मात्र सभेच्या लाइनवरून न घेता वर्कशॉपमधून वेगळी वायर ओढून घेतली. मला तेव्हा ते उगाच कष्टाचं वाटलं. शेजारी त्यांनी टेपरेकॉर्डर आणि त्याचा लांब वायरचा छोटा माइकही ठेवला होता. मार्टिनला ते अधूनमधून आपल्याकडचे आवाज पाठवत, बैलांच्या घुंगरांचा, टर्बाइनचा. सभेचाही पाठवणार होते.

मी हजेरीच्या टेबलावर होते. अहवाल झाला, मंजूर मंजूरचा आवाज झाला. आयत्या वेळचे विषय म्हटल्यावर मागून मुक्ताबाई उठल्या. जवळच्या वस्तीवरच्या. नवरा वारल्यावर त्याचा शेअर त्यांच्या नावावर झाला होता, म्हणून त्या सभासद. फडावर वीस वर्षं कोयता चालवलेली बाई, तिला कशाची भीती! पुढे येऊन त्यांनी सभेचा माइक धरला.

"कारखाना बंद हाय. मंग तळ्यातलं पानी कोन पितंय? आमची लेकरं चार दिसाला एक घागर बघत्यात, अन् त्या मोसंबीला..."

माइक गेला. मुक्ताबाईंचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. व्यासपीठावरून कुणीतरी म्हणालं, तांत्रिक बिघाड आहे, सभा संपली असं समजावं. पुढच्या रांगा उठायला लागल्या.

मी मामांकडे पाहिलं. ते गडबडीत नव्हते. बेअरिंग ऐकताना जसे उभे राहत तसे उभे होते. त्यांनी टेपरेकॉर्डरचा माइक काढला, आपल्या अँप्लिफायरला जोडला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. स्पीकर अशी शिट्टी मारून किंचाळले की गोदामाचे पत्रे वाजले. उठलेली माणसं कानांवर हात ठेवून मटकन खाली बसली. मामांनी बटण थोडं मागे घेतलं, तो माइक घेऊन मधल्या वाटेने चालत गेले आणि मुक्ताबाईंच्या हातात दिला.

"बोला बाई. आता जात न्हाई."

मुक्ताबाई बोलल्या. मिनिटभरच बोलल्या. कोणती मोटर, कोणाची बाग, कोणत्या वस्तीवर किती घरं. कुणीतरी मेन स्विच पाडायला धावला. व्यासपीठावरचे पंखे बंद पडले, पण मामांचे स्पीकर चालूच. तेव्हा मला त्या वेगळ्या वायरचा अर्थ कळला. बाहेर सावलीला बसलेल्या वस्त्यांवरच्या बायका दारात गोळा झाल्या आणि तिथून एकदम आवाज उठला, "पानी सोडा! पानी सोडा!" मुक्ताबाईंनीही माइकवरून तोच धरला. गोदामात पोती नव्हती, त्यामुळे तो आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत येत होता.

पाणी वस्त्यांना द्यायचं का, यावर हात वर करून मतं घ्यावी लागली. वर गेलेले हात मी टेबलावरून पाहिले, मोजायची गरजच नव्हती. त्याच आठवड्यात बागेचा पाइप तुटला आणि तळ्यावरून वस्त्यांना नळ गेले. पाइप जोडायला मामा स्वतः गेले होते.

याचं बक्षीस म्हणून त्यांना मेमो मिळाला आणि टर्बाइन हाउसमधून बगॅस यार्डात, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या ढिगाऱ्यांवर, राखणीला टाकण्यात आलं. बसवल्यापासून ज्या यंत्राची नाडी पाहिली त्याच्यापासून माणूस तोडला. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मामा, कावून एवढं अंगावर घेतलं?"

"आवाज बंद केला की मला सोसत न्हाई, ताई," ते म्हणाले. "मंग तो कुनाचा बी असू." मग म्हणाले, "टर्बाइनचं मात्र वाटतंय. चालू झालं तर दुसऱ्याला ऐकू येईल का न्हाई, काय ठाव." तेवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

सभेची कॅसेट भरली होती, कारण मामांनी सभेआधीच कौसाबाईंच्या भावाचा दुसरा टेप दाराशी लावून ठेवला होता, हे मला नंतर कळलं. त्यात भाषण नीट नव्हतं, पण मुक्ताबाईंची आणि बायकांची घोषणा स्वच्छ होती. मामांनी सगळी हकिकत मला पत्रात लिहायला लावली. खाली मी मराठीत मोठ्या अक्षरांत "पाणी सोडा" लिहिलं आणि त्याचा अर्थ दिला. मामांनी कागदाच्या पुडीत पाटोद्याकडच्या शेतातली चिमूटभर माती घातली. कशाला म्हटल्यावर म्हणाले, "त्यानं इचारलंय ना, तुमच्या मुलखाचा रंग कसला. दाखवू की."

उत्तर येईना. सहा महिने गेले, वर्ष होत आलं. मधल्या काळात पाऊस बरा झाला, कारखाना मात्र सुरू झाला नाही. आणि मग एक दिवस पोस्टमनने ते सपाट पार्सल माझ्या खिडकीवर ठेवलं.

या वेळी टर्बाइन हाउसला फोन लावायचा नव्हता. मी स्वतः यार्डापर्यंत चालत गेले. मामा हात धुऊन आले, पुठ्ठा उघडला. कव्हरवर माझं अक्षर होतं. माझ्या पेनाचा फरपटलेला काना, डकारावरचा डाग, सगळं जसंच्या तसं, हातभर मोठं केलेलं: पाणी सोडा. आत मामांचं पत्र जर्मनमध्ये आणि इंग्रजीत छापलेलं, खाली नाव, उत्तम तिडके, फिटर. आणि रेकॉर्ड मातीच्या रंगाची. तांबूस, किंचित भुरकट, नांगरट उन्हात वाळल्यावर दिसते तशी.

मामांनी ती उजेडाकडे धरली नाही. नुसती धरून राहिले.

मामांच्या घरी ती लावली. आधी सुईची खरखर. मग गोदाम. मग तो आवाज, "पानी सोडा! पानी सोडा!" तीनदा, चारदा, आणि त्याच ठेक्यावर ढोल आणि गिटारी तुटून पडल्या. कौसाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून उभ्या राहिल्या. "अगं बया," त्या म्हणाल्या, "ही तर आपली मुक्ता." एवढ्या वर्षांत त्यांनी भांडी पडल्यासारखं वाजतंय म्हटलं नाही असं ते पहिलंच गाणं.

त्याच रविवारी मामा प्लेअर आणि अँप्लिफायर घेऊन वस्तीवर गेले. मीही गेले. मारुतीच्या देवळातून वायर घेतली. बायका बसल्या, म्हाताऱ्या बसल्या, मुक्ताबाईंना पुढे बसवलं. आवाज सुरू झाला तशा बायका एकमेकींना ढोसायला लागल्या. "ह्यो माझा हाय." "तुझा न्हाई गं, तू मागं व्हतीस." लावा पुन्हा, लावा पुन्हा करत सात वेळा लावली. मुक्ताबाई एकदाही हसल्या नाहीत. शेवटी त्यांनी विचारलं, "हे तिकडं सगळे ऐकत्यात?"

"ऐकतेत की. नाचतेत बी."

"कळतंय का त्यान्ला, कशापायी वरडलो ते?"

"लिहून दिलंय आत. अन् न लिहिता बी कळलं असतं."

मुक्ताबाईंनी पदर सारखा केला. मामांनी रेकॉर्ड कव्हरात घातली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. "ही तुमची."

मी चपापले. त्या रंगाच्या मोजक्याच काढल्या होत्या आणि मामांना आलेली ही एकच होती. एवढी वर्षं जमवलेल्या बत्तीस-तेहतीस रेकॉर्डींत स्वतःचं नाव असलेली एकुलती एक.

"मी काय करू हिला? आमच्याकडं वाजवायला काय हाय?" मुक्ताबाई म्हणाल्या.

"वाजवायची आसंल तवा निरोप धाडा. मी घेऊन येतो सगळं."

परतताना राहवेना म्हणून मी म्हटलं, "मामा, दुसरी मागवायची का? लिहू मार्टिनला?"

"नको," ते म्हणाले. "जिचा आवाज, तिची रेकॉर्ड." आणि असे काही ताठ चालत होते की त्यांच्या बरोबरीने चालायला मला धावावं लागलं.

पुढे मला बीडच्या शाळेत नोकरी लागली आणि मी कारखाना सोडला. सामान आधीच गेलं होतं. एक पिशवी घेऊन मी सकाळच्या एसटीत खिडकीपाशी बसले. गाडी तळ्याच्या चढाला लागली तर पुढे एक सायकल. कॅरिअरवर दोऱ्यांनी बांधलेला प्लेअर, दोन्ही हँडलांना पोत्यात गुंडाळलेले स्पीकर, आणि पेडलवर उभे राहून, सगळं अंग पुढे टाकून ती सायकल चढवणारे मामा. मागून हॉर्न वाजला तरी त्यांनी बाजू घेतली नाही. ऐकूच गेलं नसावं. ड्रायव्हरने शिवी हासडत गाडी बाजूने काढली. मी खिडकीतून हात हलवला, पण त्यांची नजर वस्तीच्या वळणावर होती. मुक्ताबाईंचा निरोप आला असणार.

कंडक्टर तिकीट फाडता फाडता वाकून मागे बघत म्हणाला, "कोन म्हणावं हे, एवढा पसारा घेऊन निघालेलं?"

गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले, "आमच्या कारखान्याचे तिडके फिटर."